नौरूचा दगड आणि न्यूझीलंडची माती

सन १८९९ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं पॅसिफिक आयलंड्स कंपनी या व्यापारी मंडळीच्या कचेरींत एक दार वाऱ्यानें आपटूं नये म्हणून त्याला दगड लावून ठेवलेला असे. हा दगड नौरू नांवाच्या दूरच्या बेटावरून कंपनीच्याच एका माणसानें आणलेला होता. तो अश्मीभूत झालेल्या लाकडाचा तुकडा असावा असा सर्वांचा समज होता; त्याच्या मुलांसाठीं गोट्या करतां येतील, यापलीकडे त्याचा उपयोग कोणाच्या मनांत आला नव्हता. कंपनींत नोकरीस असलेल्या आल्बर्ट एलिस या तरुणाला मात्र त्या दगडाविषयीं शंका आली. पक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेलें ग्वानो नांवाचें खत जेथें खणून काढीत अशा बेटांवर त्यानें काम केलें होतें, आणि त्यामुळें असल्या दगडांचा रंग व पोत त्याच्या ओळखीचा होता. त्यानें एक तुकडा फोडून त्याची रासायनिक परीक्षा केली, तों त्यांत अत्यंत उंची प्रतीचें फॉस्फेट निघालें. दाराशीं पडलेल्या त्या दगडानें पुढें दोन बेटें पोखरून काढलीं आणि एका तिसऱ्या देशाच्या टेकड्या हिरव्या केल्या, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच दगडाबरोबर एक जड धातु गुपचूप त्या देशाच्या मातींत जाऊन बसला, ही गोष्ट मात्र पाऊणशें वर्षें कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. आणि ध्यानांत आल्यावरही तिचा बंदोबस्त होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

एका सामान्य दगडाला एवढें मोल कां आलें, हें कळण्यास थोडें मागें जावें लागतें. वनस्पतीला नत्राइतकीच स्फुरदाची गरज असते. पीक कापून बाजारांत नेलें, कीं त्याबरोबर जमिनींतील स्फुरदही बाजारांत जातें. आणि नत्राप्रमाणें त्याची भरपाई हवेंतून होत नाहीं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वनस्पतींच्या या खनिज आहाराची मांडणी केली. इंग्लंडांतील शेतकरी त्यापूर्वींपासूनच हाडांचा चुरा शेतांत घालीत. परंतु हाडें फार सावकाश विरघळत, आणि पुष्कळ जमिनींत तर त्यांचा गुण येतच नसे. रॉथॅम्स्टेड येथील जमीनदार जॉन बेनेट लॉज यानें हाडें व खनिज फॉस्फेट यांवर गंधकाम्लाची क्रिया करून पाहिली, तेव्हां पाण्यांत सहज विरघळणारें खत तयार झालें. १८४२ सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. मराठी मुलखांतील शेतकरी ज्याला नुसतें ‘सुपर’ म्हणतो, तें सुपरफॉस्फेट तें हेंच. लॉजनें कारखाना काढून पैसा केला, आणि त्या पैशावर आपल्याच शेतांत प्रयोग सुरू केले. १८४३ पासून चाललेल्या त्या प्रयोगांतील मातीचे व धान्याचे नमुने रॉथॅम्स्टेड येथें बाटल्यांत भरून जपून ठेवण्यांत आले. या बाटल्यांचा पुढें एक निराळाच उपयोग व्हावयाचा होता.

सुपरफॉस्फेटचे कारखाने निघाल्यावर फॉस्फेटच्या खडकाचा शोध जगभर सुरू झाला. एलिस १९०० सालच्या मे महिन्यांत नौरूच्या पूर्वेस असलेल्या बनाबा बेटावर उतरला. हें बेट सुमारें सहा चौरस किलोमीटर क्षेत्राचें. त्यावरील माणसें मासेमारीवर आणि नारळ व पँडानसच्या फळांवर निर्वाह करणारीं. ३ मे १९०० रोजीं त्यानें तेथील कांहीं लोकांकडून एका कागदावर संमति घेतली. बेटांतील सर्व फॉस्फेट ९९९ वर्षेंपर्यंत खणून नेण्याचा हक्क कंपनीस मिळाला, आणि मोबदला ठरला वर्षास पन्नास पौंड, तोही व्यापारी मालाच्या रूपानें! संमति देणाऱ्यांना सबंध बेटाच्या वतीनें असा करार करण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न त्या दिवशीं विचारलाच गेला नाहीं. नौरू त्या वेळीं जर्मनांच्या ताब्यांत होतें; त्यांच्याशीं तडजोड होऊन तेथें १९०६ च्या सुमारास खाणकाम सुरू झालें. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियाच्या फौजेनें बेट घेतलें, आणि १९१९ सालीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनीं आपसांत करार करून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स नांवाचें मंडळ स्थापिलें. ब्रिटनचा वांटा शेंकडा ४२, ऑस्ट्रेलियाचा ४२ आणि न्यूझीलंडचा १६, अशी ती वांटणी होती. दगड या तीन देशांना उत्पादनखर्चाच्याच भावानें मिळावा, असें ठरलें. जगाच्या बाजारांत जो भाव आला असता त्याहून तो पुष्कळ कमी असे. मधला फरक गेला तो दोन्ही बेटांच्या रहिवाशांच्या पदरांतून. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला खत स्वस्त मिळालें, त्याचें एक कारण हें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं दोन्ही बेटें व्यापलीं; नौरूचे सुमारें बाराशें रहिवासी त्यांनीं ट्रुक बेटांकडे नेले. बनाबाच्या लोकांना युद्ध संपल्यावरही घरीं परततां आलें नाहीं. १५ डिसेंबर १९४५ रोजीं त्यांना फिजीमधील राबी बेटावर उतरविण्यांत आलें, आणि खाणकाम मात्र त्यांच्या मायभूमींत १९७९ पर्यंत चालूं राहिलें. त्यांनीं लंडनच्या न्यायालयांत दावा लावला. न्यायाधीश बनाबास जाऊन खणलेली जमीन स्वतः पाहून आले, सुनावणी दोनशेंहून अधिक दिवस चालली, आणि १९७६ सालच्या निकालांत सरकारविरुद्धची मुख्य मागणी कायद्याच्या कसोटीस उतरली नाहीं. नौरू ३१ जानेवारी १९६८ रोजीं स्वतंत्र झालें व दोनच वर्षांत त्यानें आपलें फॉस्फेट आपल्या हातीं घेतलें. परंतु तोंपर्यंत बेटाच्या मधल्या पठाराचा मोठा भाग खरवडून निघाला होता, आणि मागें उरले होते प्रवाळखडकाचे उघडे सुळके, ज्यांवर धान्याचें एक ताटही उभें राहूं शकत नाहीं.

आतां हा दगड जेथें जात असे तिकडे वळूं. न्यूझीलंडमध्यें वसाहतवाल्यांनीं एकोणिसाव्या शतकांत डोंगरावरील रानें जाळून तोडून तेथें गवत पेरलें. राखेच्या जोरावर कांहीं वर्षें गवत उत्तम आलें. पुढें जमीन थकली आणि नेचे व झुडपें पुन्हां डोकें वर काढूं लागलीं. इकडे १८८२ सालीं ‘डुनेडिन’ नांवाचें जहाज बर्फासारखें गोठविलेलें मांस घेऊन लंडनला सुखरूप पोंचलें होतें. त्यामुळें मेंढीचें मांस, लोणी व चीज यांना इंग्लंडची अफाट बाजारपेठ खुली झाली होती. मागणी होती, मेंढ्या होत्या. गवत मात्र नव्हतें. येथें सुपरफॉस्फेट कामास आलें. न्यूझीलंडच्या शेतीचें खरें रहस्य राय गवत आणि पांढरें क्लोव्हर यांच्या जोडींत आहे. क्लोव्हर ही द्विदल वनस्पति हवेंतील नत्र मुळांवरील गांठींत सांठविते, व तें नत्र शेजारच्या गवतास मिळतें. परंतु स्फुरद असल्यावांचून क्लोव्हर धरत नाहीं. म्हणजे स्फुरदाची गोणी विकत घेतली, कीं नत्र फुकट मिळालें! वायकॅटो व टॅरनाकी या प्रांतांतील ज्वालामुखीच्या राखेच्या मातींत ही गरज विशेष होती. कारण ती माती घातलेलें स्फुरद घट्ट धरून ठेवते आणि पिकाला सहजासहजीं देत नाहीं. तेथें अधिकाधिक खत घालणें भाग पडे.

सपाट जमिनीवर हें काम गाडीनें होई. उभ्या टेकड्यांवर मात्र माणसानें पाठीवर गोणी वाहून हातानें खत उधळावें लागे. १९४८ सालीं तेथील हवाई दलानें ओहाकिया येथें विमानांतून खत टाकण्याचे प्रयोग केले, आणि १९४९ पासून खासगी वैमानिकांनीं हा धंदाच सुरू केला. युद्धांत शिक्षणासाठीं वापरलेलीं टायगर मॉथ जातीचीं जुनीं विमानें स्वस्त मिळत होतीं, आणि युद्धांतून परतलेले तरुण वैमानिकही पुष्कळ होते. टेकडीच्या माथ्यावर गवतांतच धांवपट्टी करावयाची, गोण्या भरावयाच्या, आणि पांच-सात मिनिटांच्या फेऱ्या दिवसभर मारावयाच्या, असा हा साहसाचा व्यवसाय होता. त्यांत कित्येकांचे प्राणही गेले. ज्या टेकडीवर माणूस चढण्यास धजत नव्हता तिच्यावरही आतां नौरूची भुकटी पडूं लागली. कुरणें हिरवीं झालीं, मेंढ्या वाढल्या, आणि इतकें अंगावर दिसणारें यश असतां खताच्या गोणींत आणखी काय आहे हें पाहण्याची बुद्धि कोणास व्हावी?

गोणींत होतें तें कॅडमियम. गटिंगेनच्या फ्रीड्रिख श्ट्रोमायर या रसायनशास्त्रज्ञानें १८१७ सालीं जस्ताच्या एका संयुगांत हा धातु शोधून काढला. तो जस्ताचा सोबती आहे. तो फॉस्फेटच्या खडकांत कसा आला, याचें उत्तर समुद्रांत सांपडतें. समुद्राच्या पृष्ठभागीं फॉस्फेट अत्यल्प असतें, कारण तेथील सूक्ष्म वनस्पति तें शोषून घेतात. खोल पाण्यांत तें पुन्हां वाढतें. कॅडमियमची वांटणीही अगदीं याच धर्तीची असल्याचें १९७६ च्या सुमारास समुद्रशास्त्रज्ञांनीं दाखविलें. म्हणजे समुद्रांतील जीव स्फुरदाबरोबर कॅडमियमही उचलतात, आणि ते मेल्यावर दोन्ही एकत्रच तळाशीं जातात किंवा माशांच्या द्वारें समुद्रपक्ष्यांच्या पोटांत पोंचतात. शिवाय कॅडमियमचा अणु विद्युद्भारानें व आकारानें कॅल्शियमच्या इतका जवळचा आहे, कीं खडक बनतांना तो कॅल्शियमची जागा सहज पटकावितो. यामुळें समुद्रजन्य फॉस्फेट बहुधा कॅडमियमयुक्त असतें. याच्या उलट, पृथ्वीच्या पोटांतील वितळलेल्या रसापासून थिजलेल्या अग्निजन्य खडकांत, उदाहरणार्थ रशियाच्या कोला द्वीपकल्पांत किंवा फिनलंडमधील सीलिनयार्वी येथें, तें जवळजवळ नसतें. न्यूझीलंडला जाणाऱ्या दगडांत नौरूचा दगड स्फुरदाच्या बाबतींत जसा उत्तम, तसाच कॅडमियमच्या बाबतींतही वरच्या पायरीचा होता. गंधकाम्लाच्या क्रियेनें हा धातु वेगळा होत नाहीं. दगडांत जितका असेल तितका खतांत उतरतो.

हें प्रमाण दिसावयास किती क्षुल्लक असतें, तें एका साध्या हिशेबावरून कळेल. एक हेक्टर, म्हणजे सुमारें अडीच एकर, कुरण घेतलें, तर त्याच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरांतील मातीचें वजन साधारण दीड हजार टन भरतें. त्यावर वर्षास ३०० किलोग्रॅम सुपरफॉस्फेट टाकलें, तर त्यांतून सुमारें २७ किलोग्रॅम स्फुरद जमिनीस मिळतें. एक किलोग्रॅम स्फुरदामागें २८० मिलिग्रॅम कॅडमियम आहे असें धरलें, तर सबंध हेक्टरावर वर्षास पडणारें कॅडमियम होतें अवघें साडेसात ग्रॅम. म्हणजे एका लहान चमच्यांत मावेल एवढें. मातीच्या एका किलोग्रॅमला तें ५ सहस्रांश मिलिग्रॅम येतें. परंतु हेंच चाळीस वर्षें चाललें, कीं ती बेरीज २ दशांश मिलिग्रॅमवर जाते. न्यूझीलंडच्या मातींत निसर्गतः असलेलें कॅडमियम सरासरीनें किलोग्रॅमला ०.१६ मिलिग्रॅम, आणि शेतीच्या जमिनींतील आजची सरासरी सुमारें ०.३५ मिलिग्रॅम आढळली आहे. हिशेब आणि प्रत्यक्ष मोजणी यांचा मेळ असा चांगला बसतो. येथें धरलेलें २८० मिलिग्रॅमचें प्रमाण अलीकडच्या मर्यादेचें आहे. नौरूच्या दगडाचें खत ज्या काळीं सर्रास वापरीत त्या काळीं तें याहून बरेंच अधिक होतें. आणि दुसरी गोष्ट अशी, कीं हा धातु पावसानें फारसा वाहून जात नाहीं, कुजत नाहीं, हवेंत उडत नाहीं. मातींतील सेंद्रिय द्रव्यांस व चिकणमातीस चिकटून तो वरच्याच थरांत राहतो. पीक त्यांतला अत्यल्प भाग दरसाल नेतें; बाकीचा जमेस पडत राहतो.

कॅडमियमविषयीं जगाचे डोळे उघडले ते जपानमध्यें. तोयामा प्रांतांतील जिन्झू नदीच्या कांठीं, विशेषतः वयस्क स्त्रियांत, हाडें ठिसूळ होऊन असह्य वेदना होणारा एक रोग पसरला होता. रोगी ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें विव्हळत. रोगाचें नांवही तेंच पडलें. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या कामिओका येथील जस्ताच्या खाणींतून आलेलें कॅडमियम भातखाचरांत व तांदळांत उतरलें, हें त्याचें कारण असल्याचें जपान सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. या घटनेचा खताशीं संबंध नाहीं, आणि जिन्झूच्या भातखाचरांत जेवढें कॅडमियम होतें त्याची तुलना न्यूझीलंडच्या कुरणांशीं करणें योग्य होणार नाहीं. परंतु या धातूनें मूत्रपिंडाचें काय होतें, आणि एकदां शरीरांत गेल्यावर तो दहा-वीस वर्षें कसा टिकून राहतो, हें त्या दुर्दैवी स्त्रियांच्या दुखण्यांतून वैद्यकास स्पष्ट कळलें.

खताकडे बोट दाखविणारा पहिला ठळक निबंध अमेरिकेंत निघाला. हेन्री श्रोडर व जोसेफ बालासा यांनीं १९६३ सालीं दाखविलें, कीं सुपरफॉस्फेट घातलेल्या मातींतील भाज्यांमध्यें कॅडमियम शिरतें. ऑस्ट्रेलियांत याच प्रश्नाचा पाठपुरावा विल्यम्स व डेव्हिड या दोघा शास्त्रज्ञांनीं केला. त्यांच्या १९७३ व १९७६ सालच्या निबंधांवरून असें निश्चित झालें, कीं वर्षानुवर्षें घातलेल्या सुपरफॉस्फेटमधील कॅडमियम बव्हंशीं मातीच्या वरच्या थरांतच सांठून राहिलें आहे. एवढीं सूक्ष्म मापें घेणें शक्य झालें तें एका नव्या उपकरणामुळें. मेलबर्न येथील ॲलन वॉल्श यानें १९५५ सालीं एक पद्धति प्रसिद्ध केली होती: पदार्थाचा द्रव ज्योतींत उडवावयाचा, त्यांतून विशिष्ट धातूचाच प्रकाश पाठवावयाचा, आणि तो किती शोषला गेला यावरून त्या धातूचें प्रमाण काढावयाचें. पूर्वी जेथें दिवसच्या दिवस जात तेथें आतां मिनिटांत उत्तर मिळूं लागलें. ज्या खंडांत नौरूचा दगड सर्वांत अधिक जात होता, त्याच खंडांत त्याचा दोष उघडकीस आणणारें साधन निघावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

रॉथॅम्स्टेडच्या बाटल्याही आतां उघडल्या गेल्या. त्यांतील जुन्या मातीचें पृथक्करण १९८७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली: ज्या वाफ्यांना कधींच खत दिलें नव्हतें त्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कॅडमियम वाढलें होतें. तें आलें होतें कारखान्यांच्या व कोळशाच्या धुरांतून, हवेच्या वाटेनें. म्हणजे इंग्लंडसारख्या कारखानदारीच्या देशांत सगळा दोष खतावर टाकतां येत नाहीं. न्यूझीलंडची गोष्ट मात्र निराळी पडते. तेथील हवा त्या मानानें स्वच्छ, आणि खाणकामही तुरळक. तेथें मातींतील जादा कॅडमियमचा धनी शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. कँटरबरी प्रांतांतील विंचमोर येथें १९५२ पासून चाललेल्या कुरणाच्या प्रयोगांतील जपून ठेवलेल्या नमुन्यांनीं हीच साक्ष दिली: जितकें सुपरफॉस्फेट अधिक, तितकें कॅडमियम अधिक.

गवतांतून हा धातु जनावरांत जातो. मेंढी गवताबरोबर थोडी मातीही खाते, हिवाळ्यांत तर विशेष. आणि पोटांत गेलेल्या कॅडमियमपैकीं जें अंगीं लागतें तें मांसांत किंवा दुधांत न जातां यकृत व मूत्रपिंड यांत सांठतें. जनावर जितकें जुनें तितका सांठा मोठा. १९८० नंतरच्या तपासण्यांत न्यूझीलंडच्या वयस्क मेंढ्यांच्या व गुरांच्या मूत्रपिंडांत ठरलेल्या मर्यादेहून अधिक कॅडमियम वारंवार आढळूं लागलें. परदेशी ग्राहकांपुढें स्वच्छ कुरणांची कीर्ति मिरविणाऱ्या देशाला ही गोष्ट जिव्हारीं लागली असल्यास नवल नाहीं. त्यावर उपाय झाला तो असा: अडीच वर्षांहून अधिक वयाच्या जनावरांचीं मूत्रपिंडें माणसांच्या आहारांतून वगळावयाचीं. मांस निर्धोक राहिलें, व्यापार वांचला. पण रोग जेथें होता तेथेंच, म्हणजे मातींत, राहिला. मूत्रपिंड टाकून देतां येतें, शेत टाकून देतां येत नाहीं.

ऑस्ट्रेलियांत हाच प्रश्न बटाट्याच्या रूपानें पुढें आला. दक्षिण भागांतील कांहीं शेतांत बटाट्यांत कॅडमियम अधिक निघूं लागलें, आणि चमत्कार असा, कीं मातींतील कॅडमियमच्या प्रमाणावरून त्याचा नीट उलगडा होईना. १९९४ सालीं मॅक्लॉफ्लिन व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं खरें इंगित पाण्याच्या खारटपणांत होतें. खारट पाण्यांतील क्लोराइड मातीला चिकटलेल्या कॅडमियमशीं संयोग पावतें, त्याला सोडवून घेतें आणि मुळापर्यंत पोंचवितें. तसेंच जमीन आम्ल झाली, तरी कॅडमियम मोकळें होतें. चुना घातला, कीं बहुधा पुन्हां बांधलें जातें. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. मातींत धातु किती आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. ती जमीन उद्यां कशी वापरली जाईल, कोणतें पीक घेतलें जाईल, पाणी कोठलें दिलें जाईल, यावर त्याचा धोका अवलंबून असतो. आज मेंढ्या चरतात तेथें उद्यां पालक किंवा गहू पेरला, तर कालपर्यंत निद्रिस्त असलेला सांठा माणसाच्या ताटांत येऊं शकतो.

विल्यम्स व डेव्हिड यांचा पहिला निबंध १९७३ चा. न्यूझीलंडच्या खतकारखान्यांनीं एक किलोग्रॅम स्फुरदामागें २८० मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा आपण होऊन पाळण्यास सुरुवात केली ती १९९७ सालीं. एलिसनें दगड फोडला तेव्हां कॅडमियमबद्दल कोणास कांहीं माहिती नव्हती, म्हणून १९०० सालच्या माणसांना दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु मधल्या या चोवीस वर्षांना अज्ञानाची सबब लागू पडत नाहीं. कॅडमियम कमी असलेला दगड जगांत होता. तो महाग पडे, दूरचा होता, आणि जुन्या वाटेनें चालणें सोयीचें होतें, हेंच खरें. दगडांचें मिश्रण बदलल्यावर परिणाम दिसून आला: विंचमोरच्या वाफ्यांत कॅडमियमची वाढ मंदावली. २००६ सालीं शेतकरी, कारखानदार व सरकार यांची एक संयुक्त समिति नेमली गेली, आणि तिच्या कामांतून २०११ सालीं आखलेल्या धोरणाप्रमाणें मातीच्या तपासणीच्या पायऱ्या ठरल्या. मातींत किलोग्रॅमला १.८ मिलिग्रॅम कॅडमियम झालें, कीं तेथें आणखी भर पडूं द्यावयाची नाहीं, ही त्यांतील सर्वांत वरची पायरी होय.

दगड बदलणें ही मात्र केवळ रसायनशास्त्राची बाब नव्हे. नौरूचा मुख्य सांठा २००० सालच्या सुमारास संपत आला. त्याच्या जागीं न्यूझीलंडनें जे दगड आणले त्यांत पश्चिम सहारांतील बुक्रा येथील दगडाचा वांटा मोठा होता. नौरूच्या मानानें त्यांत कॅडमियम कमी. परंतु तो प्रदेश १९७५ पासून मोरोक्कोच्या ताब्यांत आहे, आणि हा दगड आमच्या संमतीवांचून विकला जातो अशी तेथील सहरावी लोकांच्या पक्षाची तक्रार आहे. बनाबाच्या कागदावरील सह्यांची आठवण येथें कोणास झाली, तर तें स्वाभाविक आहे.

युरोपांत तर कॅडमियमच्या मर्यादेवरून देशादेशांत तंटा लागला. स्वीडन व फिनलंड यांनीं या प्रश्नाची दखल आधींपासून घेतली होती. स्वीडननें १९९४ सालीं खतांतील कॅडमियमवर करच बसविला. फिनलंडच्या स्वतःच्या खाणींत कॅडमियम नगण्य असल्यानें त्याला कडक मर्यादा घालणें जड गेलें नाहीं, ही गोष्टही येथें सांगितली पाहिजे. २०१६ सालीं युरोपीय आयोगानें सूचना मांडली, कीं खतांतील स्फुरद ज्या ऑक्साइडच्या रूपानें मोजतात त्याच्या एका किलोग्रॅममागें आरंभीं ६० मिलिग्रॅम, पुढें तीन वर्षांनीं ४०, आणि बारा वर्षांनीं २० मिलिग्रॅम एवढेंच कॅडमियम चालावें. असें झालें असतें तर मोरोक्को व ट्युनिशिया यांचा पुष्कळसा दगड बाजारांतून उठला असता आणि रशियाच्या कोला येथील दगडाचें फावलें असतें. वाद तीन वर्षें चालला. २०१९ सालीं कायदा झाला तो फक्त पहिल्या पायरीचा. ६० मिलिग्रॅमची मर्यादा १६ जुलै २०२२ पासून अमलांत आली, आणि खालच्या दोन्ही पायऱ्या कागदावरून गेल्या. तरीही स्फुरदाच्या मापानें पाहिलें, तर ही मर्यादा सुमारें १३७ मिलिग्रॅम भरते. म्हणजे न्यूझीलंडच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही किंचित् कमीच.

खडकांतून कॅडमियम काढून टाकण्याच्या युक्त्या आहेत. खडक अतिशय उच्च उष्णतेवर भाजला, तर त्यांतला बराचसा कॅडमियम वाफ होऊन निघून जातो. परंतु त्यास इंधन फार लागतें, खताची किंमत वाढते, आणि निघालेला धातु सांभाळावयाचा कोठें हा प्रश्न उरतोच. मातींत शिरलेला धातु काढण्याची तर शेतकऱ्यास परवडेल अशी रीत आजवर सांपडलेली नाहीं. वायकॅटोच्या सुपीक खोऱ्यांत आज ज्या शेतांची तपासणी होते, त्यांतील कित्येकांना आजोबांनीं घातलेल्या खताची जमा नातवांच्या खात्यावर दिसते. तिकडे नौरूनें १९८९ सालीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत ऑस्ट्रेलियावर दावा लावला. १९९३ सालीं तो आपसांत मिटला, आणि खणून काढलेल्या भूमीच्या पुनर्वसनासाठीं १० कोटी ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचें ऑस्ट्रेलियानें कबूल केलें. ब्रिटन व न्यूझीलंड यांनींही आपापल्या वांट्यादाखल त्यांत भर घातली. या रकमेचा हिशेब बेटावरून गेलेल्या फॉस्फेटपुरताच होता. त्या फॉस्फेटबरोबर निघून दक्षिणेकडील कुरणांत उतरलेल्या कॅडमियमचा कोठेंही उल्लेख त्यांत नव्हता, आणि तो कोणीं मागितलाही नव्हता.